ध्रुवांवरचं पर्यटन अजून किती वाढणार? आणि त्यात मी एकाची भर घालू का?

निवृत्त_नकाशेवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून दोन आठवडे घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही.

मी आयुष्यभर नकाशे काढले. नोकरीत असताना टेबलाच्या काचेखाली अंटार्क्टिकाचा एक जुना नकाशा ठेवलेला असायचा. किनारा बराचसा तुटक रेषेत आणि आत नुसता कोरा कागद. त्या कोऱ्या कागदावर खरोखर काय आहे ते एकदा बघायचं, एवढीच इच्छा. आता वेळ आहे, थोडे पैसे बाजूला आहेत, गुडघे अजून ऐकतात. तर लेक म्हणते, "बाबा, तुमच्यासारखे लाखभर लोक दरवर्षी 'एकदाच' म्हणूनच जातात." पाठोपाठ तिने आकडे टाकले. 1992-93 च्या हंगामात अंटार्क्टिकाला साधारण 6,700 पर्यटक गेले होते, 2023-24 मध्ये 1,22,000 च्या आसपास. मी पडताळून पाहिले. तिचं बरोबर निघालं, याचा त्रास वेगळाच.

तर मला हे विचारायचं आहे. ही वाढ अशीच चालणार की कुठेतरी अडणार? अडली तर कशाने, बर्फाने, जहाजांनी की कायद्याने? उत्तरेकडे, म्हणजे ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांकडे, काय परिस्थिती आहे? आणि मी पाच वर्षं थांबलो तर जाणं सोपं होईल की दार बंद झालेलं असेल?

कोणी तिकडे प्रत्यक्ष काम केलं असेल तर जरूर लिहावं. "जा, आयुष्य एकदाच मिळतं" हे सांगायला माझे मित्र समर्थ आहेत.

खारा_वारा

काका, जा. आयुष्य एकदाच मिळतं.

(रागावू नका. कोणीतरी लिहिणारच होतं, म्हटलं आपणच मोकळं व्हावं.) बाकी वाढीचं म्हणाल तर वाढणारच. माणसाला "शेवटचं टोक" म्हटलं की राहवत नाही.

कोरडी_शाई

मी लेकीच्या बाजूने.

2022 साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक अभ्यास आला होता. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या बर्फाचे नमुने घेऊन त्यातली काजळी मोजली होती. जिथे जहाजांची आणि संशोधन केंद्रांची वर्दळ जास्त, तिथे काजळी जास्त. काळपट बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. त्यांच्या हिशेबाने 2016 ते 2020 या काळात एका पर्यटकामागे साधारण 83 टन बर्फाच्या वितळण्याला हातभार लागत होता. एका माणसामागे, काका. विमानप्रवासाचा धूर या हिशेबात नाहीच.

आणि जाहिरातीतलं ते ठरलेलं वाक्य, की जाऊन आलेला माणूस बर्फाचा राजदूत होतो. मी असे चार राजदूत ओळखते. त्यातल्या तिघांनी परत आल्यावर लगेच पुढची सफर ठरवली. "वितळायच्या आत बघून घेऊ" हे म्हणजे आजारी माणसाच्या खोलीत एवढी गर्दी करायची की त्याला वारा मिळू नये, आणि वर म्हणायचं, शेवटची भेट झाली हो.

बारा_ते_चार

काका, मी एका एक्स्पेडिशन जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. नोव्हेंबर ते मार्च दक्षिणेत आणि जून ते सप्टेंबर उत्तरेत, अशी आलटून पालटून कंत्राटं करते. दक्षिणेत सहा हंगाम झाले, उत्तरेत चार. माझा पगार याच पर्यटनातून येतो, तेव्हा पुढचं सगळं तेवढं मीठ लावून वाचा.

बर्फ अडवेल, जहाजं कमी पडतील, असं बहुतेकांना वाटतं. जहाजं कमी नाहीत. गेल्या काही वर्षांत नवी, बर्फात चालणारी जहाजं एकामागून एक पाण्यात उतरली आहेत. गाडी अडते ती किनाऱ्यावर.

अंटार्क्टिका प्रचंड आहे, पण पर्यटक पाय ठेवतो ती जागा फार थोडी आहे. द्वीपकल्पाची पश्चिम बाजू आणि साउथ शेटलंड बेटं. त्यातही जिथे कडा नाही, हिमनदी थेट पाण्यात उतरत नाही, रबरी बोट टेकवता येते आणि उतरल्यावर उघडा खडक आहे, अशीच जागा चालते. आता गंमत बघा. जेन्टू पेंग्विनला अंडी घालायला नेमका तोच उघडा खडक लागतो. म्हणजे आम्हाला हवी असलेली प्रत्येक जागा आधीच कोणाची तरी आहे. नेको हार्बर, कूव्हरव्हिल, डॅन्को, पीटरमन, हाफ मून, डिसेप्शन बेटावरचा व्हेलर्स बे. एकाच हंगामात हीच नावं माझ्या लॉगबुकात इतक्या वेळा येतात की हात आपोआप लिहितो.

या जागांना नियम आहेत. एका वेळी किनाऱ्यावर शंभरापेक्षा जास्त प्रवासी नाहीत. वीस जणांमागे एक गाइड. एका जागी एका वेळी एकच जहाज. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाच उतरवायचं नाही. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, आणि पेंग्विन स्वतः चालत आला तर आपण मागे सरायचं. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी सगळ्या कंपन्या एका सामाईक वेळापत्रकात आपापले तास नोंदवतात. कोणत्या तारखेला, कोणत्या बेटावर, सकाळी की दुपारी.

आमच्याकडे 190 प्रवासी असतात. म्हणजे अर्धे उतरणार, अर्धे झोडियाकमधून, म्हणजे त्याच रबरी बोटींतून, हिमनगांभोवती फिरणार, मग अदलाबदल. मी ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतून, घड्याळ बघत असते, कारण दुपारी तीच जागा दुसऱ्या कोणाची असते. ते दुसरं जहाज भूशिराच्या पलीकडे, नजरेआड, इंजिन मंद करून थांबलेलं असतं. रेडिओवर आमचं हळू आवाजात बोलणं चालतं, "अजून वीस मिनिटं द्या." प्रवाशांना एकमेकांची जहाजं दिसू नयेत याची काळजी आम्ही सगळेच घेतो. त्यांना वाटतं, या खाडीत आपण एकटे. मागच्या हंगामात एक आजोबा ब्रिजवर येऊन मला म्हणाले, इथे आपल्याआधी किती लोक आले असतील? मी म्हटलं, बरेच. पडद्यावर त्याच क्षणी चार जहाजांचे त्रिकोण चमकत होते. मी हळूच झूम वाढवला, म्हणजे ते पडद्याबाहेर जातील. आजवर अपराधी वाटतं.

मग जागा जर भरल्या, तर 1,22,000 माणसं गेली कुठे? त्यातली जवळपास 43,000 उतरलीच नाहीत. मोठ्या जहाजांच्या डेकवरून बघून परत गेली. वाढीची एक वाट ही आहे, आणि तिला किनाऱ्याचं बंधन नाही. दुसरी वाट विमानाची. चिलीतल्या पुंता अरेनासहून साउथ शेटलंडमधल्या किंग जॉर्ज बेटाच्या खडीच्या धावपट्टीवर दोन तासांत उतरायचं आणि तिथून जहाजात बसायचं. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधल्या ड्रेक सामुद्रधुनीतले दोन दिवस जायचे आणि दोन दिवस यायचे वाचतात, म्हणजे तेच जहाज एका हंगामात जास्त फेऱ्या मारतं. धुकं आलं की मात्र सगळे हॉटेलात अडकतात, पण ते जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

तिसरी वाट नव्या जागांची. मला भीती तिची वाटते, पण त्यावर नंतर लिहीन. वॉच, म्हणजे ब्रिजवरची माझी पाळी, संपून झोप यायला लागली आहे.

कायद्याचं थोडक्यात. अंटार्क्टिक करार 1959 चा, त्यावरचा पर्यावरणाचा माद्रिद प्रोटोकॉल 1991 चा. निर्णयाचा अधिकार असलेले देश 29, आणि निर्णय सर्वसहमतीने. एकाने मान हलवली नाही की विषय पुढच्या वर्षी. हे शंभराचे आणि वीसाचे नियम बऱ्याच अंशी कंपन्यांनी 1991 साली काढलेल्या संघटनेने, आयाटोने, स्वतःवर घालून घेतलेले आहेत. त्या संघटनेत असणं सक्तीचं नाही. 2024 साली कोचीच्या बैठकीत पर्यटनासाठी एक सर्वंकष चौकट तयार करायची असं ठरलं. चौकट तयार होईल तेव्हा होईल. आज एका हंगामात एकूण किती माणसं यावीत यावर कसलीही मर्यादा नाही.

कोरडी_शाईताई, काजळीचं तुमचं बरोबर आहे, वाद नाही. फक्त एवढंच सांगते की जड काळं तेल दक्षिणेत 2011 पासून बंद आहे, आम्ही हलकं डिझेल जाळतो. काजळी त्यातूनही निघते. धुराड्याखाली उभं राहिलं की पांढऱ्या हातमोज्यावर कळते.

पिक्सेल

मी उपग्रहाच्या चित्रांवरून समुद्री बर्फ मोजण्याचं काम करतो. बर्फ कमी झाला म्हणजे रस्ता मोकळा झाला, हा समज दूर करायला आलोय.

आकडे भयंकर आहेत हे खरं. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ फेब्रुवारी 2023 मध्ये 17.9 लाख चौरस किलोमीटरवर आला, उपग्रहाच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचा नीचांक. उत्तरेत सप्टेंबर 2012 चा नीचांक सुमारे 34 लाखांचा. आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतोय.

पण सरासरी कमी होते म्हणजे प्रत्येक खाडी, प्रत्येक वर्षी मोकळी होते असं नाही. अखंड थर फुटला की त्याचे तुकडे वाऱ्याबरोबर वाहत जाऊन अरुंद सामुद्रधुनीत दाटतात. 2016 साली क्रिस्टल सेरेनिटी हे मोठं क्रूझ जहाज कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांमधून जाणाऱ्या वायव्य मार्गातून पार गेलं, तेव्हा सगळीकडे "नवा सागरी महामार्ग" असे मथळे होते. दोनच वर्षांनी, ऑगस्ट 2018 मध्ये, कॅनडाच्या त्याच आर्क्टिक भागात अकादमिक इयोफे हे प्रवासी जहाज तळाला लागलं. जवळपास त्याचं जोडीचं जहाज होतं म्हणून प्रवासी त्यावर उतरवता आले. नसतं तर?

थांबलो तर सोपं होईल का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की बेभरवशाचं होईल. हंगाम लांबेल, पण कोणता आठवडा चांगला हे आधी सांगता येणार नाही.

निवृत्त_नकाशेवाला

पिक्सेल, आभार. बारा_ते_चार साहेब, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. त्या आजोबांच्या जागी मी स्वतःला पाहिलं, आणि तुम्ही झूम वाढवलात त्याबद्दल मनातल्या मनात धन्यवाद दिले. "नव्या जागांची भीती" अर्धवट सोडू नका. मी नकाशेवाला आहे, हे ध्यानात ठेवून लिहा.

बारा_ते_चार

काका, मी बाई आहे, क्रियापदं वाचत जा! पण साहेब चालेल. जहाजावर मला सगळे "सेकंड साब"च म्हणतात. पद बघतात, माणूस कोण बघतो.

नकाशेवाले आहात म्हणून सांगते. आमच्या इलेक्ट्रॉनिक चार्टवर आपलं जहाज एका लहान चिन्हाने दिसतं. निळ्यात पाणी, पिवळ्यात जमीन. पूर्व ग्रीनलंडच्या एका फ्योर्डमध्ये, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद खाडीत, एकदा मी वॉचवर होते आणि आमचं जहाज पिवळ्यात होतं. बाहेर बघावं तर शांत पाणी, समोर हिमनदीची निळसर भिंत, दोन-तीन किलोमीटर लांब. चार्ट जेव्हा काढला तेव्हा ती भिंत आम्ही होतो त्याच्याही अलीकडे होती. हिमनदी मागे गेली, पाणी आलं, पण ते पाणी कोणी मोजलेलंच नाही. तुमच्या काचेखालचा कोरा कागद अजून आहे, फक्त आता त्यावरून जहाजं जातात.

तर चार नॉटने, म्हणजे तासाला चार सागरी मैल, अशा मंद वेगाने चाललो होतो. खोली मोजणाऱ्या यंत्रावर माझी नजर होती. 160 मीटर. 140. मग 90. मी कॅप्टनकडे बघितलं, ते आधीच थ्रॉटलकडे गेले होते. 38. आणि जहाज थांबता थांबता 19. हिमनदी मागे सरकताना तोंडापाशी दगडगोटे आणि गाळाचा बांध सोडून जाते, तो पाण्याखाली तसाच उभा असतो. आम्ही त्याच्या उंबऱ्यावर होतो. वळायला जागा होती, तरी वळलो नाही. आल्या मार्गाने, आपलाच ट्रॅक धरून, उलटे बाहेर आलो, कारण मोजलेलं पाणी म्हणजे तेवढीच एक रेघ. प्रवाशांना सांगितलं की प्रकाश त्या बाजूला चांगला आहे. त्यांनी फोटोही छान काढले.

कंपनीच्या माहितीपत्रकात त्या फ्योर्डचं वर्णन "जिथे क्वचितच कोणी गेलं असेल" असं होतं. अक्षरशः खरं होतं.

हे एकट्या माझ्या जहाजाचं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये ओशन एक्सप्लोरर ईशान्य ग्रीनलंडच्या आल्पेफ्योर्डमध्ये 206 माणसांसह रुतलं. डेन्मार्कच्या नौदलाचं जहाज हजाराहून जास्त सागरी मैलांवर होतं. तीन दिवसांनी मत्स्यसंशोधनाच्या एका जहाजाने भरती गाठून ओढून काढलं. कोणालाही इजा नाही, हवा शांत होती म्हणून. दक्षिणेतही 2007 च्या नोव्हेंबरात एक्सप्लोरर नावाचं जहाज बर्फाने भोक पडून साउथ शेटलंडजवळ बुडालं. या धंद्यासाठी खास बांधलेल्या पहिल्या जहाजांपैकी ते. 154 जण काही तास उघड्या होड्यांमध्ये बसून होते, मग एका दुसऱ्या प्रवासी जहाजाने उचललं. सगळे वाचले. दोन्ही वेळा नशीब हजर होतं. आमच्याकडे त्याचा ड्यूटी-तक्ता नसतो.

म्हणून पुढच्या वीस वर्षांबद्दल माझा अंदाज असा. जुन्या जागा भरल्या की कंपन्या आणखी दक्षिणेला, मार्गरित बे, वेडेल समुद्र, आणि उत्तरेत ईशान्य ग्रीनलंडकडे सरकतील. सरकतायतच. लोकही तेच मागतात, "गर्दी नको, अनोळखी काहीतरी दाखवा." वाढीला आळा घालणारी खरी गोष्ट बचावयंत्रणा असायला हवी होती. पण ती कोणी मोजतच नाही, तोवर ती आळा कसा घालणार? माझी भीती अशी की एखादा मोठा अपघात झाल्यावरच नियम येतील, आणि ते एका रात्रीत येतील.

आता उलटं वाटेल असा सल्ला. काका, जायचं असेल तर गर्दीच्या जागीच जा. कंटाळवाण्या, सगळे जातात त्या मार्गाने. तिथलं पाणी मोजलेलं आहे, हाकेच्या अंतरावर दुसरं जहाज आहे, आणि पेंग्विनवर काय परिणाम होतो ते कोणीतरी मोजतंय. पोर्ट लॉकरॉयला बेटाचा एक भाग पर्यटकांना बंद ठेवून दोन्हीकडच्या जेन्टूंची वर्षानुवर्षं तुलना चालू आहे. नव्या खाडीत पहिलं पाऊल ठेवलं की असं मोजायला काही शिल्लक राहत नाही, कारण "आधी कसं होतं" हेच कोणाला माहीत नसतं.

कोरडी_शाई

सेकंड साब, म्हणजे तुमचं म्हणणं, जिथे खराब झालंय तिथेच अजून खराब करा? हा युक्तिवाद तुमच्या कंपनीला फार आवडेल.

बारा_ते_चार

कंपनीला अजिबात आवडणार नाही, ताई. तिला नव्या जागाच विकायच्या आहेत. पण हो, तुम्ही म्हणता तसाच त्याचा अर्थ होतो, आणि मला त्याहून बरं काही सुचलेलं नाही. कोणीच गेलं नाही तर उत्तमच. ते होणार नाही असं धरून मी बोलतेय.

पाऊलखूण

मी गेल्या उन्हाळ्यात स्वालबार्डला जाऊन आले. उत्तरेचं विचारलंय म्हणून अनुभव लिहिते.

दक्षिणेत कोणाचंच राज्य नाही, स्वालबार्डला नॉर्वेचं आहे, आणि फरक तिथेच पडतो. 1 जानेवारी 2025 पासून त्यांनी नियम कडक केले. संरक्षित भागात जहाजावर जास्तीत जास्त 200 प्रवासी, उतरायला ठरवून दिलेल्या 43 जागा, ध्रुवीय अस्वलापासून किमान 300 मीटर आणि 1 मार्च ते 30 जून 500 मीटर अंतर. यासाठी 29 देशांची मान हलायची वाट बघावी लागली नाही.

300 मीटरवरून अस्वल कसं दिसतं सांगू? लोण्याच्या रंगाचा ठिपका. बर्फ पांढरा, ठिपका पिवळसर, म्हणून ओळखू येतो. आमच्या जहाजावर एक गृहस्थ दोन हात लांब लेन्स घेऊन आले होते आणि दिवसभर नियम करणाऱ्यांना शिव्या घालत होते. मग गाइडने दुर्बीण तिकाटण्यावर लावून दिली. ठिपका उठला, मान वर करून हवा हुंगली आणि पुन्हा आडवा झाला. त्याला आमचा पत्ता नव्हता. सगळे गप्प. त्या गृहस्थांनीही बराच वेळ दुर्बीण सोडली नाही, मला शेवटी सांगावं लागलं, काका, रांग आहे.

एक गोष्ट मात्र खटकली, ती ग्रीनलंडची. त्याच सफरीत पुढे आम्ही इटोकोर्टोर्मीट नावाच्या वस्तीत उतरलो. साडेतीनशेच्या आसपास लोक राहतात. आम्ही होतो दीडशेच्या वर. कुत्री साखळीला बांधलेली, दोरीवर कपडे वाळत घातलेले, आणि आमच्यातले अर्धे त्या कपड्यांचे फोटो काढतायत. एक मुलगी दारात आली, आम्हाला बघून आत गेली आणि पडदा ओढून घेतला. दक्षिणेत निदान पडदा ओढणारं कोणी नाही.

पिक्सेल

ग्रीनलंडचा वेग वाढणार आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजधानी नूकला 2,200 मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली, मोठी विमानं थेट उतरू लागली. इलुलिसाटलाही नवा विमानतळ बांधायला घेतलाय. तिथला हिमफ्योर्ड 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे ओढा आहेच. पण तिथे लोक राहतात, ते स्वतः ठरवतायत की किती पाहुणे हवेत. मला ते दक्षिणेपेक्षा आशादायक वाटतं.

निवृत्त_नकाशेवाला

काल धागा लेकीला वाचायला दिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग म्हणाली, "ती पडदा ओढणारी मुलगी बरोबर आहे." एवढंच. पण दोन आठवड्यांत पहिल्यांदा एकत्र चहा झाला.

ठरलं काही नाही अजून. एवढं मात्र ठरलं की गेलोच तर लहान जहाजाने, जुन्या मार्गाने, आणि "अनोळखी खाडी" लिहिलेली पत्रकं रद्दीत. उत्तरेला वस्त्यांमध्ये उतरायचं नाही, हे लेकीचं कलम आहे, मी सही केली.

सेकंड साब, दोन शेवटचे प्रश्न. बुटांच्या सफाईबद्दल फार ऐकलंय, एवढं काय असतं त्यात? आणि प्रवाशाला ब्रिजवर उभं राहू देतात का? मला तो चार्ट बघायचा आहे. पिवळ्यातलं जहाज.

बारा_ते_चार

सफाईचं ऐका. उतरण्याआधी एक पूर्ण दुपार त्यात जाते. जॅकेटचे खिसे उलटे करून व्हॅक्यूम, बुटांच्या तळव्यातली माती टोचणीने, कॅमेऱ्याच्या पिशवीचं वेल्क्रो चिमट्याने. सगळ्यात जास्त सापडतात ती गवताची बारीक बियाणं, वेल्क्रोच्या आकड्यांत अडकलेली. वेडेपणा वाटतो, पण किंग जॉर्ज बेटावर साधं बागेतलं गवत माणसाबरोबर पोहोचलं आणि रुजलं, ते काढता काढता लोकांची वर्षं गेली. त्यात फेब्रुवारी 2024 मध्ये बर्ड फ्लू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडला. त्यामुळे किनाऱ्यावर बसायचं नाही, पिशवी टेकवायची नाही, गुडघा टेकून फोटो काढायचा नाही. तुमचे गुडघे ऐकतात म्हणालात, ते बरंच आहे, दीड तास उभं राहावं लागेल.

ब्रिज आमच्याकडे प्रवाशांना उघडा असतो, बंदरात शिरताना आणि बर्फ दाट असताना सोडून. बहुतेक एक्स्पेडिशन जहाजांवर तसंच असतं. दिवसा या, गर्दी असते. रात्री बारा ते चार कोणी नसतं. डिसेंबरात गेलात तर त्या वेळीही उजेड असतो. फेब्रुवारीत थोडा अंधार पडतो, मग आम्ही पुढचे दोन्ही सर्चलाइट लावतो आणि ग्राउलर शोधत बसतो. काचेसारखा स्वच्छ बर्फ, पाण्याच्या वर जेमतेम हातभर. रडारवर येत नाही, डोळ्यांनाच दिसतो.

आलात तर दार हळू लावा आणि पहिली दहा मिनिटं बोलू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. मग चार्ट दाखवते.